पहिले हप्ते कुणाच्या पैशातून येतात?

मराठवाड्यात व्याज टक्क्यांपेक्षा शेकड्यानेच जास्त बोललं जातं. 'शेकडा तीन' म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला छत्तीस. बी-बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी, पोरीच्या लग्नासाठी या दराने पैसा उचलणं लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे कुणी उलट बाजूने आलं आणि म्हणालं, 'तुम्ही पैसे टाका, आम्ही शेकडा दहा देऊ', तर कान टवकारत नाहीत. सावकार पाच-सात घेतोच की, मग कंपनीला दहा द्यायला काय झालं?

या दोन व्यवहारांत एक मोठा फरक आहे. सावकाराचं व्याज कोण भरतं हे गावाला दिसतं: अडलेला माणूस भरतो, शेत किंवा डोरलं गहाण ठेवून. शेकडा दहा वाटणाऱ्या कंपनीचं व्याज कोण भरतं, हे मात्र कुणी विचारत नाही आणि विचारलं तर उत्तर मोघम येतं. शेअर बाजार, क्रिप्टो, सोनं, प्लॉटिंग, परदेशी चलन यांपैकी काहीतरी एक नाव घेतलं जातं. झटपट पैशाच्या या मार्गांमध्ये नैतिकतेचा सगळा प्रश्न त्या मोघम उत्तराच्या मागे दडलेला असतो.

अशा योजना गावात केव्हा येतात तेही पाहण्यासारखं आहे. जमिनीचा मावेजा खात्यावर पडतो तेव्हा, सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर दिवाळीच्या आगेमागे, गुरुजी सेवानिवृत्त होऊन हातात एकरकमी पैसा येतो तेव्हा. समृद्धी महामार्ग आणि शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत यांसाठी जमिनी गेल्या, तेव्हा अनेक घरांत पिढ्यांत न पाहिलेली रक्कम एकदम आली. बिडकीन-पैठण भागात 'तीस-तीस' या नावाने गाजलेल्या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात हाच मावेज्याचा पैसा गुंतला होता. जमीन गेलेल्या माणसाला दर महिन्याला काहीतरी हातात यावं असं वाटतं, कारण शेतीचं उत्पन्न थांबलेलं असतं. म्हणून योजनेवाले 'दुप्पट' या शब्दापेक्षा 'दरमहा हप्ता' हा शब्द पुढे करतात.

आता गणित करू. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

समजा एका माणसाने शेकडा दहाची योजना काढली. दर महिन्याला १० लाखांच्या नव्या ठेवी येतात. तो पैसा तो कुठेही गुंतवत नाही, एका डब्यात ठेवतो. स्वतः एक रुपयाही घेत नाही. एजंटलाही काही देत नाही. म्हणजे अगदी देवमाणूस धरा. पहिल्या महिन्यात १० लाख आले. दुसऱ्या महिन्यात आणखी १० आले आणि पहिल्यांचं व्याज १ लाख गेलं. तिसऱ्या महिन्यात व्याजाचे २ लाख गेले, चौथ्यात ३. अकराव्या महिन्यात जुन्या १ कोटीवरचं व्याज १० लाख होतं, म्हणजे त्या महिन्यात आलं तेवढं सगळं गेलं. डब्यात तेव्हा ५५ लाख असतात. बाहेरून सगळं झकास दिसतं: हप्ते वेळेवर, डबा भरलेला, गावात नाव.

बारावा महिना लागला की डबा उतरू लागतो. एकविसाव्या महिन्याच्या शेवटी त्यात शून्य रुपये उरतात. तोवर एकूण ठेवी आल्या २ कोटी १० लाख आणि व्याज म्हणून वाटले गेले तेही बरोबर २ कोटी १० लाख. देणं बाकी आहे ती मुद्दल: २ कोटी १० लाख, सगळीच्या सगळी.

हे आकडे माणसांत मांडा. पहिल्या महिन्यात १ लाख टाकणाऱ्याला वीस हप्ते, म्हणजे २ लाख मिळाले. अकराव्या महिन्यात टाकणाऱ्याला दहा हप्ते मिळाले, तो जेमतेम बरोबरीत सुटला. एकविसाव्या महिन्यात टाकणाऱ्याला एकही हप्ता मिळाला नाही. एकेका महिन्यात पैसे टाकणाऱ्यांची एकेक तुकडी धरली, तर पहिल्या दहा तुकड्यांचा मिळून नफा येतो ५५ लाख आणि शेवटच्या दहा तुकड्यांचा मिळून तोटा येतो, तोही ५५ लाख. योजनेने काहीही पिकवलेलं नाही. एका गल्लीतला पैसा दुसऱ्या गल्लीत गेला, एवढंच झालं.

खऱ्या जगात देवमाणूस नसतो. एजंटला शंभराला पाच आणि चालकाच्या गाडी-बंगल्याला शंभराला वीस धरा. मग दर महिन्याला डब्यात साडेसात लाखच पडतात आणि डबा सोळाव्या महिन्यात रिकामा होतो. या हिशेबात सोळापैकी दहा तुकड्या बुडतात, फक्त पहिल्या पाच फायद्यात राहतात. नव्या ठेवी दर महिन्याला वाढत्या राहिल्या तर हा दिवस पुढे ढकलला जातो, इतकंच. पण बुडणाऱ्यांची संख्याही त्याच बेताने वाढते, कारण शेवटचे महिने सर्वांत मोठे असतात.

१९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आश्वासन देऊन हाच खेळ केला. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांच्या खरेदी-विक्रीतून नफा होतो असं तो सांगत असे. काही महिन्यांतच तो कोसळला आणि या प्रकाराला त्याचं नाव चिकटलं.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की 'मला नऊ महिने हप्ता मिळतोय' हा कसलाच पुरावा नाही. शेकडा दहाने नऊ हप्ते म्हणजे तुमच्याच लाखातले नव्वद हजार तुम्हाला परत आले. चालकाने तुमचा पैसा कपाटात ठेवून महिन्याला मोजून दिला तरी एवढं होतंच. गावातल्या चार प्रतिष्ठितांना आधी हप्ते चालू करतात ते यासाठीच. त्यांच्या तोंडची साक्ष खरी असते, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा असतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. पहिल्या तुकडीतल्या माणसाने कुणाला फसवलं नाही, खोटं बोलला नाही, कदाचित कुणाला आणलंही नाही. तरी त्याच्या घरात आलेला जास्तीचा १ लाख शेवटच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी मुद्दलातून आला आहे. 'मी वेळेत बाहेर पडलो' हे बोलणं आपल्याकडे हुशारीचं समजलं जातं. हिशेबाच्या वहीत मात्र ती हुशारी दुसऱ्याच्या नावे टाकलेली असते. आणि योजना बुडणार हे ओळखून, 'आपण लवकर शिरू, लवकर निघू' म्हणणाऱ्याची बाजू तर आणखी पडकी आहे. पॉन्झी योजना ओळखणं आणि तरीही तिच्यात पैसे टाकणं म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याच्या खिशात हात घालायची तयारी ठेवणं. अमेरिकेत २००८ च्या डिसेंबरात बर्नार्ड मॅडॉफची प्रचंड योजना उघडी पडली, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने टाकल्यापेक्षा जास्त काढून घेतलेल्यांकडून वरचा पैसा परत मागितला, त्यासाठी दावे लावले. त्यातल्या अनेकांना योजना खोटी आहे याची कल्पनाही नव्हती. तरीही वरचा पैसा त्यांचा नाही, हे तत्त्व तिथे धरलं गेलं.

योजना खरी की खोटी हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. व्याज न काढता तिथेच फिरवत ठेवलं तर १ लाखाचे वर्षात ३ लाख १४ हजार होतात आणि पाच वर्षांत ३ कोटींच्या वर जातात. एवढं कमावण्याची कला ज्याच्या हातात आहे, त्याला बँक वर्षाला बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज देईल आणि वरचा सगळा नफा त्याच्याच घरात राहील. तो तुमच्या ओसरीवर चहा पीत 'भाऊ, निदान पन्नास हजार तरी टाका' असं का म्हणेल? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. म्हणून ज्याने हमी दिली, तो त्या एका वाक्यातच उघडा पडला.

आता एजंट. या सगळ्या प्रकरणात सर्वांत अवघड जागा त्याची. तो बहुधा ओळखीचाच असतो: पिग्मी गोळा करणारा पोरगा, विमा एजंट, शाळेतले सर, बचत गटातली ताई, सोयऱ्यांतले पाव्हणे. लोक कंपनीकडे बघून पैसे टाकत नाहीत, त्याच्याकडे बघून टाकतात. त्याने विकलेला माल म्हणजे त्याची स्वतःची पत, आणि तिची किंमत शंभराला पाच रुपये ठरलेली असते. बहुतेक एजंटांनी स्वतःचेही पैसे टाकलेले असतात, म्हणून 'मी पण बुडालो' हे ते खरंच सांगतात. पण स्वतः बुडणं आणि दुसऱ्याला बुडवणं यांची वजाबाकी होत नाही. नफा कशातून येतो हे न विचारता ज्याने पन्नास घरांना 'डोळे झाकून टाका' म्हणून सांगितलं, त्याने त्या पन्नास घरांचे डोळे झाकले. एजंटने ठेव घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद दाखवा, ठेवी घेण्याची परवानगी कुणी दिली तो कागद दाखवा, आणि माझं कमिशन कोणत्या खात्यातून येतं ते सांगा. कमिशन ठेवीच्याच पैशातून कापून मिळत असेल तर तिथेच थांबायला हवं.

कायदाही एजंटला सोडत नाही. अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध कायदा, २०१९ नुसार परवानगीशिवाय ठेवी गोळा करणं, ती योजना चालवणं आणि तिची जाहिरात करणं या सगळ्यांवर बंदी आहे. जाणूनबुजून खोटं सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून दुसऱ्याला अशा योजनेत ओढणं हाही त्यात गुन्हा आहे. ठेवी घेऊन त्या लबाडीने बुडवल्या तर शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते.

साखळी योजनांची गोष्ट थोडक्यात. 'डावीकडे एक, उजवीकडे एक' अशी जोडी लावत गेलात तर दहाव्या पायरीवर १,०२४ माणसं लागतात, विसाव्या पायरीवर १० लाख ४८ हजार. चोविसाव्या पायरीपर्यंतची एकूण बेरीज ३ कोटी ३५ लाखांच्या वर जाते. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती, पाळण्यातली लेकरं धरून. साखळी कुठेही थांबवा, तळाच्या ओळीत एकूण माणसांच्या निम्म्याहून थोडे जास्तच लोक असतात आणि त्यांच्याखाली कुणीच नसतं. हा दोष त्यांच्या मेहनतीचा नाही, आकृतीचा आहे. व्यासपीठावरचा सूट घातलेला माणूस 'तुम्ही कमी पडलात' असं त्यांना सांगतो, हे मात्र त्याचं पाप. नव्या सदस्याकडून प्रवेश फी घेणं आणि माणसं जोडल्याबद्दल पैसे देणं थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत बसत नाही. १९७८ चा पैसा-फिरवणी योजनांवरचा बंदी कायदा तर सदस्य होण्यालाही मनाई करतो.

भिशीला याच पंगतीत बसवू नये. वीस जणांनी महिन्याला पाच हजार टाकले, एक लाखाची भिशी झाली, एकाने १५ हजार सोडून ८५ हजारांत उचलली, तर उरलेले १५ हजार वीस जणांत ७५० प्रमाणे वाटले जातात. यात आलेल्यापेक्षा एक रुपयाही जास्त जात नाही. ज्याने घाईने उचलली त्याने घाईची किंमत मोजली, ज्याने वाट पाहिली त्याला ती मिळाली आणि दोघं एकमेकांना ओळखतात. भिशी मोडते ती आधी उचललेल्याने पुढचे हप्ते थांबवल्यावर. म्हणून जुनी माणसं पहिल्या दोन-तीन उचली पक्क्या माणसालाच देतात आणि जामीनदाराची सही घेतात. बोलीची भिशी धंदा म्हणून, कमिशन घेऊन चालवायची तर १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसेल तर भांडण झाल्यावर हातात वहीशिवाय काही राहत नाही.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्था, यांचं दुखणं वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत बीड आणि छत्रपती संभाजीनगरकडे मोठ्या संस्थांना कुलपं लागली आणि ठेवीदार रांगेत उभे राहिले. इथे सुरुवात पॉन्झीने होतेच असं नाही. संस्था खरी असते, कर्जंही खरी असतात, पण ती संचालकांच्याच उद्योगांना आणि नातेवाइकांना गेलेली असतात, तारण फुगवलेलं असतं. कर्ज थकलं की व्याजाला पैसा कमी पडतो. मग बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त दर लावून नव्या ठेवी ओढल्या जातात. नेमक्या त्या महिन्यापासून ही संस्था पॉन्झीच्या वाटेला लागते, बोर्ड मात्र तोच राहतो. संचालकाची नैतिक कसोटी तिथे लागते: तूट दिसल्यावर सभेत सांगायची, की दर वाढवायचा?

ठेवीदाराने लक्षात ठेवायचं ते असं. बँक बुडाली, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. 'मल्टिस्टेट' शब्दाने संस्था मोठी झाल्यासारखी वाटते, पण तिचा निबंधक दिल्लीत बसतो आणि जिल्ह्याच्या उपनिबंधकाचे हात आखूड पडतात. ठेव ठेवण्याआधी वार्षिक अहवाल मागा. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग, थकीत कर्जाचं प्रमाण आणि संचालकांना दिलेली कर्जं ही तीन पानं वाचा. अहवाल देताना काचकूच झाली तर पासबुक न उघडता परत या.

लातूर, नांदेड, संभाजीनगरात शिकायला आलेल्या पोरांपुढे हल्ली आणखी एक ऑफर येते: खातं भाड्याने द्या. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याशी जोडलेलं सिम द्यायचं, बदल्यात पाच-दहा हजार. 'गेमिंगचे पैसे आहेत, टॅक्ससाठी फिरवतोय' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात कुणाला तरी फोनवर धमकावून उकळलेली रक्कम त्या खात्यात येते, काही मिनिटांत तुकडे होऊन पुढच्या खात्यांत जाते आणि कुठल्या तरी एटीएममधून निघते. फसलेला माणूस सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करतो, साखळीतली खाती गोठवली जातात आणि पोलिसांना कागदावर पहिलं नाव सापडतं ते या पोराचं. खातं बापाचं असेल तर पीकविमा, किसान सन्मानचा हप्ता, सोयाबीनची पट्टी सगळं अडकतं. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव इथे लंगडा पडतो, कारण स्वच्छ पैसा असलेल्या माणसाला दुसऱ्याचं खातं लागतच नाही. ज्याने दिलंय त्याने आजच बँकेत लेखी अर्ज देऊन खातं आणि कार्ड बंद करावं, सिम बंद करावं, अर्जाची पोच घ्यावी आणि सायबर पोलिसांना स्वतःहून कळवावं.

पैशाचा पाऊस, गुप्तधन, मांडूळ, लाखाच्या बदल्यात तीन लाखांच्या नोटा यांवर फार शब्द खर्चायला नको. या सगळ्यांचं कुलूप एकच: फसणाऱ्याला आधी एखाद्या बेकायदा कामात भागीदार करून घ्यायचं. मांडूळ विकायला निघालेला माणूस वन्यजीव कायद्याखाली स्वतःच आरोपी होतो, नोटा तिप्पट करायला गेलेला पोलीस ठाण्यात काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसतो आणि ती टोळी पुढच्या तालुक्यात जाते. अघोरी प्रकारांसाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार करणाऱ्याची थोडी बेअब्रू होईल, पण तिच्यावाचून ही साखळी तुटत नाही.

योजना बुडाल्यावर पहिले काही आठवडे महत्त्वाचे. त्या काळात चालक पुढच्या तारखेचे धनादेश वाटतो, 'तक्रार केली तर आहे तेही जाईल' म्हणतो आणि नूतनीकरणाच्या नावाखाली मूळ पावत्या गोळा करतो. मूळ पावती कुणालाही देऊ नका, छायांकित प्रत द्या. धनादेश वटला नाही तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात फिर्याद द्यावी लागते. तारखा चुकल्या तर हा रस्ता अवघड होतो. ठेवीसाठी तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे, १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्य कायद्याखाली. त्यात शासन सक्षम प्राधिकारी नेमतं, मालमत्ता जप्त होतात, विशेष न्यायालयाने जप्ती कायम केली की लिलाव होतो आणि आलेला पैसा ठेवीदारांत प्रमाणात वाटला जातो. याला वर्षं लागतात. चालकाने लबाडीने दुसऱ्यांच्या नावावर केलेली मालमत्ताही या जप्तीत ओढता येते, म्हणून त्याच्या मेहुण्याच्या नावावरचा प्लॉट, भाच्याच्या नावावरचा पेट्रोल पंप अशी माहिती गट क्रमांकासह लिहून द्यावी.

एजंटकडे अशा वेळी लोकांपेक्षा जास्त काहीतरी असतं: कुणी किती टाकले त्याची यादी, रोख कुठे पोचवली त्याच्या तारखा, कमिशन जमा झालेल्या खात्याचा उतारा, व्हॉट्सॲपवरचे निरोप. तो फोन बंद करून पुण्याला निघून गेला तर तपास सहा महिने मागे पडतो. तो हे सगळं घेऊन तपास अधिकाऱ्यासमोर बसला, सोबत मिळालेल्या कमिशनचा आकडा स्वतः लिहून दिला, तर कोणाची मुद्दल किती बाकी आहे हे पहिल्याच आठवड्यात कागदावर येतं.